धाकटीने गैरहजर ठेवलेल्या पेशी

धाकटीला राग येत नसे. म्हणजे चारचौघांना येतो तसा. भांडी आपटायची, दार लावून घ्यायचं, दोन दिवस अबोला धरायचा आणि तिसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात चहा पुढे करायचा, असला उधळा राग तिच्या स्वभावातच नव्हता. ती डूख धरायची. नीट घडी घालून ठेवायची, अधूनमधून उघडून बघायची, पुन्हा घडी घालायची. वाट बघण्यात तिला इतकी गोडी, की खुद्द बदला घेऊन झाल्यावर बाई जरा कंटाळतच असावी.

ही सवय लहानपणची. शाळेत शिवणाच्या बाईंनी हिने भरलेला रुमाल आपल्या भाचीने भरला म्हणून मुख्याध्यापिकेच्या हातात ठेवला. पोर हूं की चूं बोलली नाही. पुढच्या वर्षी त्याच बाईंनी स्वतःच्या घरासाठी हिच्याकडून एक टेबलक्लॉथ भरून मागितला. हिने दिला. पानं, फुलं, फांदीवर दोन पोपट, बघत राहावं असं काम. फक्त मागच्या बाजूला एकाही दोऱ्याला गाठ मारलेली नव्हती. पहिल्याच धुण्यात पोपट उडाले.

लग्नानंतरही तेच. नवरा चष्मेवाला, कोपऱ्यावर स्वतःचं दुकान. बघायला आला तेव्हा बिचारा अवघडून गेला होता. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेला, की तुमची फ्रेम जुन्या पद्धतीची आहे. संसार सुखाचा झाला, पण चष्मा ती आजतागायत समोरच्या फुटपाथवरच्या दुकानातून करते. गिऱ्हाइकं विचारतात, तुमची बायको तिकडे कशी? चष्मेवाला काच पुसत राहतो.

तर अशा बाईची खोडी काढली तिच्या थोरल्या दिराने. आणि तीही कुठली, तर तिच्या आयुष्यभराच्या कामाची.

थोरले आणि धाकटी एकाच संस्थेत नोकरीला. मोठी चार मजली संस्था, रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी. थोरले तिसऱ्या मजल्यावर एका विभागाचे प्रमुख; बोलणं गोड, शर्टाला कडक इस्त्री, आणि काही सांगताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. धाकटी दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ, कॉम्प्युटरपुढे. तिला नोकरी स्वतःच्या गुणांवर मिळाली होती, पण पहिल्याच दिवशी थोरल्यांनी सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवून 'ही आमची धाकटी' म्हणून ओळख करून दिली, आणि तेव्हापासून शिपायापासून संचालकांपर्यंत ती धाकटीच झाली. हीसुद्धा एक घडी तिने घालून ठेवलेली होतीच.

तिचं काम होतं जुळणीचं. ते काय, हे एकदा समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या रक्तात, हाडांच्या मगजात नाना तऱ्हेच्या पेशी असतात. प्रत्येक पेशीच्या पोटात एकच जाडजूड पोथी, सगळ्यांना सारखीच. पण कुठली पेशी त्यातल्या कुठल्या ओळी वाचते, यावर ती लाल रक्ताची होणार की आणखी कशाची, ते ठरतं. आता एक यंत्र आहे, ते एकेका पेशीला धरून सांगतं, की ही अमुक ओळी वाचत होती. दुसरं यंत्र सांगतं, की हिची अमुक पानं उघडी होती आणि अमुक चिकटलेली. गंमत अशी, की मोजताना पेशी संपते. जिच्या ओळी मोजल्या, तिची पानं बघायला ती उरतच नाही. मग दुसऱ्या यंत्रात तिच्यासारखी दुसरी घालायची. शेवटी हातात दोन ढीग येतात, एक ओळींचा, एक पानांचा, हजारो पेशींचे, आणि कुणावर नाव म्हणून नाही. ओळींच्या ढिगातली ही आणि पानांच्या ढिगातली ती एकाच जातीच्या, हे गणिताने हुडकून काढायचं. पान उघडं असेल तरच ओळ वाचली जाणार, एवढाच काय तो धागा.

अशा जुळणीच्या पद्धती पुष्कळ जणांनी केल्या होत्या. धाकटीच्या पद्धतीत एक पायरी जास्तीची होती, आणि तिचा सगळा जीव त्या पायरीत. जुळवायच्या आधी ती हजेरी घ्यायची. कधीकधी एखाद्या जातीच्या पेशी एका ढिगात येतात आणि दुसऱ्यात येतच नाहीत. वाटेत मरतात, चाळणीत अडकतात, काहीही होतं. अशांना जोडीदार कुठून आणणार? धाकटीची पद्धत त्यांना गैरहजर म्हणून बाजूला काढायची आणि चित्रात करडे ठिपके करून कडेला ठेवायची. वर्गात मुलगा आला नसेल तर आला नाही म्हणावं, दुसऱ्याने त्याच्या नावाला 'हजर' म्हणू नये, इतकी साधी गोष्ट. पण ती गणितात बसवायला तिची कैक वर्षं गेली होती.

दोन्ही कुटुंबं एकाच इमारतीत राहायची. थोरले खाली, धाकटी वर, आणि सासूबाई मधल्या जिन्यावर जिकडे चांगला वास येईल तिकडे. एका रविवारी जेवणं झाल्यावर थोरल्यांनी विचारलं, की काय एवढं चाललंय तुझं दुसऱ्या मजल्यावर. धाकटीने सासूबाईंचा बटणांचा डबा टेबलावर पालथा केला, दोन ढीग केले आणि सगळी पद्धत हजेरीसकट उलगडून दाखवली. घरचा माणूस आपुलकीने विचारतोय, या भोळेपणात. थोरले मान डोलवत होते. जाऊबाई म्हणाल्या, बटणं परत डब्यात भरा म्हणजे झालं.

संस्थेत दर बुधवारी बैठक असे. नवं काही सुचलं की ते तिथे उभं राहून सांगायचं, आणि जो आधी सांगेल त्याचं ते काम, असा तिथला रिवाज. धाकटीची पाळी येत्या बुधवारी नव्हे, त्याच्या पुढच्या बुधवारी होती. थोरल्यांनी एका सहकाऱ्याची पाळी मागून घेतली आणि येत्याच बुधवारी ते उभे राहिले. पद्धतीला त्यांनी नाव दिलं होतं 'घट्ट जुळणी'. धाकटी तिसऱ्या रांगेत बसून आपलंच गणित त्यांच्या तोंडून ऐकत होती. ओळखीचं सगळं होतं, फक्त हजेरी नव्हती. ती पायरी थोरल्यांनी कापून टाकली होती, कारण करड्या ठिपक्यांनी चित्र घाण दिसत होतं. त्यांच्या पडद्यावर एकही पेशी एकटी नव्हती. रंगांचे गोळे कसे गुबगुबीत, घोटीव. संचालक मोठ्या बाई खूश झाल्या, म्हणाल्या, इतकं स्वच्छ चित्र आजवर पाहिलं नाही.

त्या दिवशी जिन्यात धाकटीने त्यांना गाठलं. थोरल्यांनी खांद्यावर हात ठेवला. "अगं, घरचंच तर आहे," ते म्हणाले, "माझं काय आणि तुझं काय."

हे वाक्य तिला चोरीपेक्षा जास्त लागलं. चष्मेवाल्याने नेहमीप्रमाणे मध्यममार्ग सुचवला, की जाऊ दे, दादाचा स्वभावच तसा. सासूबाईंनी सांगितलं, की भावाभावांत गणितावरून फाटलं असं लोकांनी ऐकलं तर हसतील. आणि मोठ्या बाईंकडे जायची सोय नव्हती. संस्थेत पूर्वी एक नवरा-बायको एकाच टेबलावर काम करत; घटस्फोट झाला तेव्हा ते टेबल त्यांनी करवतीने मधोमध कापून घेतलं होतं. त्याचा एक अर्धा भाग अजून गच्चीवर भिंतीला टेकून उभा होता. तेव्हापासून मोठ्या बाईंनी बजावलं होतं, की घरचं भांडण फाटकाबाहेर.

म्हणून धाकटीने तक्रार केली नाही. तिने मनाशी एकच ठरवलं: त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, थोरल्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं, की ही पद्धत धाकटीची आहे. त्याहून कमी काही नको. आणि त्या वाक्याआधी त्यांची जेवढी फजिती होईल तेवढी वरकड कमाई.

संधी चालून आली ती वर्ष सरता सरता. संस्थेला इस्पितळाच्या रुग्णांसाठी एक पद्धत कायमची निवडायची होती. मोठ्या बाईंनी परीक्षा ठेवली. एकच माहिती सगळ्यांना द्यायची, प्रत्येकाने आपल्या पद्धतीने जुळवायची, आणि मग हॉलमध्ये खरं उत्तर उघडायचं. प्रश्न होता माहिती तयार कोणी करायची हा. कंटाळवाणं काम, आणि वर नियम असा, की जो तयार करील त्याला परीक्षेत उतरता येणार नाही. सगळे छताकडे बघू लागले. धाकटी म्हणाली, मी करते.

चष्मेवाल्याला कळेना. उतरली असतीस तर जिंकली असतीस, असं तो म्हणत राहिला. खरं होतं ते. पण उतरून जिंकली असती तर थोरल्यांनी तिथेही टाळ्या वाजवून 'शेवटी आमचीच आहे' म्हटलं असतं. तिला जिंकायचं नव्हतं.

मोठ्या बाईंनी एवढंच सांगितलं होतं, की माहिती सोपी नको, खऱ्या रुग्णांची येते तशी आडमुठी हवी. धाकटीने दोन ढीग केले. ओळींच्या ढिगात सगळ्या जातींच्या पेशी ठेवल्या. पानांच्या ढिगातून एक जात अख्खी काढून घेतली: रक्त गोठवणारे बारीक कण ज्यांच्यापासून सुटतात, त्या थोराड पेशी. एकही मागे ठेवली नाही. मग तिने डबा घेतला, खिडकीत बसली, आणि सहकारी सांगतात, की त्या दिवशी ती जेवताना गाणं गुणगुणत होती.

आता थोरल्यांकडे बघा. त्यांची घट्ट जुळणी कुणाला एकटं सोडणारी नव्हती. ओळींच्या ढिगातल्या त्या थोराड पेशींना पलीकडे कुणीच मिळेना, तेव्हा त्या जुळणीने त्यांना जवळच्यातल्या जवळच्या परक्यांशी नेऊन बांधलं, लाल रक्ताच्या बाळपेशींशी. आणि पडद्यावर काय उगवलं? एक नवाच गोळा. ओळी एका जातीच्या वाचणारा, पानं दुसऱ्याच जातीची उघडलेला. कुणी कधी न पाहिलेली पेशी. जुळवणाऱ्या मंडळींना पडतो तो सगळ्यात गोड भ्रम हाच: स्वतःच्या गणिताने चुकून लावलेली जोडी बघायची, आणि निसर्गाने आपल्यासाठी राखून ठेवलेला शोध समजायचा.

थोरल्यांनी तिचं नाव ठेवलं सेतूपेशी. दोन जातींमधला पूल म्हणून. घरी पार्टी झाली. सासूबाईंनी फोन उचलला आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना कळवलं, की सगळ्यांच्या अंगात असलेली एक वस्तू आमच्या थोरल्याला सापडली. शेजारणीने विचारलं, माझ्याही अंगात का? सासूबाई म्हणाल्या, तुझ्या अंगात असेल तर तीही त्यानेच शोधली.

आणि धाकटी? ती थोरल्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होती. रोज एक फांदी वर. अगदी प्रेमाने विचारायची, की भाऊजी, ही पेशी आजारात वाढते का? लहान मुलांत जास्त असेल का? तुम्ही याच्यावर व्याख्यान द्यायला हवं. थोरल्यांनी मग परीक्षेच्या निकालाबरोबरच सेतूपेशीची घोषणा करायचं मोठ्या बाईंकडून कबूल करून घेतलं. बाहेरच्या संस्थांना आमंत्रणं गेली. जाऊबाईंनी नवा ड्रेस शिवायला टाकला.

निकालाच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी मात्र थोरले एकटेच वर आले. चष्मेवाला आत लवंडला होता. थोरले टेबलाशी बसले, पाणी प्याले, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकदम म्हणाले, की तो गोळा त्यांना जरा फारच स्वच्छ वाटतोय. माणूस अगदीच ढ नव्हता. तिला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला आणि तिने तो नीट बघून घेतला.

"पानांच्या ढिगातून काही गैरहजर ठेवलंयस का?" त्यांनी विचारलं.

"नियम आहे भाऊजी. सांगता येत नाही."

"मला तरी."

"तुम्हाला तर मुळीच नाही."

थोरल्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "हे बघ, पद्धत तुझी होती, मी कुठे नाही म्हणतोय? खाली चल, आईसमोर सांगतो. तुझ्या जाऊसमोर सांगतो."

आता दुसरी कुणी असती तर विरघळली असती. धाकटीने शांतपणे त्यांच्या पुढचा पेला उचलला. "घरी नको," ती म्हणाली. "हॉलमध्ये म्हणा. उद्या सकाळी, सगळ्यांच्या आधी. मग हजेरीची पायरी मी स्वतः तुमच्या हातात देते."

तेवढं वाक्य म्हटलं असतं तर वाचले असते. तिने शब्द दिला होता आणि तो तिने पाळला असता, जरी तसं घडू नये असं तिला आतून फार फार वाटत होतं. थोरले उठले. आमंत्रणं गेली होती, ड्रेस शिवून आला होता. खाली उतरताना त्यांची पावलं दर पायरीवर थांबत होती, आणि धाकटी प्रत्येक थांबणं चवीने ऐकत होती.

हॉल भरला होता. थोरले उभे राहिले आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही. सेतूपेशी पडद्यावर आली, जांभळी, गुबगुबीत. पाहुण्यांनी माना उंचावल्या. परीक्षेत उतरलेल्या तळमजल्यावरच्या एका दाढीवाल्याने त्याआधी आपलं चित्र दाखवलं होतं, ते भिजलेल्या गोधडीसारखं दिसत होतं. मधेच पेशींचा एक पुंजका लोंबत होता आणि दाढीवाला म्हणाला होता, की याला कुठे बसवावं ते मला कळलं नाही. लोक हसले होते.

मग मोठ्या बाईंनी धाकटीला उत्तर उघडायला सांगितलं. ती माइकजवळ गेली. फार बोलली नाही. पानांच्या ढिगातून एक जात मी स्वतः काढून ठेवली होती, एवढं सांगितलं, आणि ती जात पडद्यावर लाल रंगाने रंगवली. सेतूपेशीचा जांभळा गोळा सगळाच्या सगळा लाल झाला. दाढीवाल्याचा लोंबणारा पुंजकाही लाल झाला. पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना आधी उमगलं. त्यांनी चष्मा काढला आणि खुदखुदत शेजाऱ्याच्या कानात सांगितलं. खुदखुद रांगेरांगेने मागे गेली.

मोठ्या बाईंनी विचारलं, हे मुद्दाम केलंस? धाकटी म्हणाली, हो, तुम्हीच आडमुठी माहिती मागितली होतीत. इस्पितळातून येणारी अशीच येते. बाईंनी यावर मान हलवली आणि थोरल्यांकडे वळून थंडपणे विचारलं, की ज्याला जोडी नाही त्याला परक्याच्या गळ्यात बांधणारी ही पद्धत तुम्ही रुग्णांवर वापरणार होतात का.

थोरल्यांचा चेहरा असा पडला की उचलायला दोन माणसं लागली असती. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हात ठेवायला एकही खांदा जवळपास नव्हता. आणि बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला धरतो, तसं त्यांनी धाकटीला धरलं.

"बाई, मूळ पद्धत माझी नाहीच," ते मोठ्याने म्हणाले. "ही पद्धत धाकटीची आहे. दोष असेल तर तो तिचा."

सगळी डोकी धाकटीकडे वळली. चष्मेवाला मागे उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. आणि धाकटी? तिच्या तोंडावर असं काही उजळलं, की बघणाऱ्यांना वाटलं हिला बक्षीस मिळालं. ज्या वाक्यासाठी तिने वर्ष काढलं, ते त्यांनी तिच्या अंगावर दगडासारखं फेकलं होतं, आणि ती ते फुलासारखं झेलत होती.

"भाऊजी म्हणतात ते सगळ्यांनी ऐकलंत ना?" तिने माइकवर विचारलं. "मोठ्या बाई, तुम्ही ऐकलंत?"

बाई म्हणाल्या, ऐकलं. मग धाकटीने आपली मूळ पद्धत, हजेरीच्या पायरीसकट, त्याच माहितीवर सगळ्यांदेखत चालवली. यंत्र घरघरलं, लोक जागचे हलले नाहीत. पडद्यावर चित्र उमटलं: रंगांचे गोळे आपापल्या जागी, आणि कडेला करड्या ठिपक्यांचा एक पुंजका, एकटा, कुणाच्याही गळ्यात न पडलेला. जी जात तिने पानांच्या ढिगातून काढून ठेवली होती, नेमकी तीच. म्हाताऱ्या प्राध्यापकांनी टाळी वाजवली. थोरल्यांना खुर्ची मागे आहे की नाही हे न बघताच बसावं लागलं.

नियम तो नियम. धाकटी परीक्षेत नव्हतीच; लोंबता पुंजका कुणाच्या गळ्यात न बांधणाऱ्या दाढीवाल्याने ती जिंकली आणि इस्पितळात त्याची गोधडी गेली. धाकटीला त्याचं काही वाटलं नाही. उलट तिने हसऱ्या तोंडाने दाढीवाल्याचा हात हातात घेतला आणि हजेरीची पायरी त्याच्या पद्धतीत बसवून दिली, आपल्या नावासकट.

जाऊबाईंनी बरेच दिवस जिन्यात मान फिरवली. सासूबाईंनी ज्यांना ज्यांना फोन केले होते, त्या सगळ्यांना पुन्हा करून सांगितलं, की ती वस्तू कुणाच्याच अंगात नाही, घाबरू नका.

मोठ्या बाईंनी पुढे एक चांगला पायंडा पाडला. संस्थेत नवी माणसं आली, की पहिल्या आठवड्यात जुळणीचा पाठ, आणि तो शिकवायचा धाकटीने. दर खेपेला विभागप्रमुखांनी हजर राहायचं, नव्यांची ओळख व्हावी म्हणून. धाकटी पडदा लावते, आणि पहिलं चित्र तेच: जांभळी सेतूपेशी, खाली थोरल्यांच्या विभागाचं नाव. अशी जोडी कशी लागते, इथून ती सुरुवात करते, अतिशय प्रेमाने, सावकाश, नव्यांना एकदा न कळलं तर दोनदा.

मागच्या पाठानंतर खोली रिकामी झाल्यावर थोरले दाराशी रेंगाळले. केस पिकले होते, इस्त्री अजून कडक होती.

"किती वर्षं दाखवणार आहेस ते चित्र?"

धाकटीने यंत्राची वायर गुंडाळत त्यांच्याकडे बघितलं. "नवी माणसं येतायत तोवर," ती म्हणाली. "पुढच्या वेळी जरा मोठं करून लावते, मागच्यांना नीट दिसत नव्हतं."